वाढीचं वर्ष

सौरवने मोबाइलच्या काचेवर दोन बोटं फाकवून फोटो मोठा केला, मान तिरकी करून पाहिला आणि म्हणाला, "काका, हा खुंटला." भैय्याजींना आधी कळलंच नाही. त्यांनी आपल्या माशांचा फोटो दाखवला होता तो कौतुकासाठी. नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या त्या अरुंद दुकानात दोन्ही भिंतींना काचेच्या टाक्या होत्या, हवेचे पंप एकाच सुरात गुरगुरत होते, आणि ओल्या फरशीवर ते स्कूटरची चावी हातात धरून उभे होते. "बाकीचे सात एक नंबर आहेत," सौरव म्हणाला, "पण ह्या कोपऱ्यातल्याचा डोळा पाहा. डोळा वाढून राहिला, अंग नाही वाढून राहिलं. तोंडाच्या मानानं डोळा मोठा दिसला का समजायचं." खाणं वाढवलं तर, असं त्यांनी विचारलं. "नाही होत काका. डिस्कस माशाचं पहिलंच वर्ष असते. त्यात जेवढं झालं तेवढं झालं. आता त्याले काजू-बदाम खाऊ घाला ना तुमी, फक्त म्हातारा होईन तो." तेवढ्यात एक बाई गप्पी मासे मागायला आल्या. सौरव जाळी घेऊन तिकडे वळला आणि वळता वळता म्हणाला, "काढून टाका त्याले. बाकीच्यांचं खाते फालतूत."

बाहेर जानेवारीचं ऊन होतं. भैय्याजी स्कूटरवर बसले, पण चावी फिरवली नाही. खुंटला हा शब्द त्यांच्या घरात कधी उच्चारला गेला नव्हता. त्यांची बायको सिंधू कुंडीतलं लिंबू वर्षभर वाढलं नाही तरी "थांबलं आहे" म्हणे. कोणी शेजारीण सहज तो शब्द बोलून गेली की ही उठून आत जाई आणि भांडी घासायला घेई, घासलेलीच. आणि आज तो शब्द एका दुकानदाराने, जाळी शोधता शोधता, माशाबद्दल म्हणून त्यांच्या हातावर ठेवला होता. खिशातला मोबाइल त्यांना जड वाटला. त्यांनी तो काढून पुन्हा फोटो पाहिला. सात मासे ताटलीसारखे गोल, निळ्या-तांबड्या रेघांचे, आणि मागे हीटरच्या आडोशाला तो आठवा, काळवंडलेला, हातातल्या घड्याळाएवढा. डोळा खरंच मोठा होता. म्हणजे हे त्यांनी रोज पाहिलं होतं. पाच पाच वेळा खायला घालताना पाहिलं होतं.

पस्तीस वर्षं ते कोराडीच्या वीजकेंद्रात पाण्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. बॉयलरला जे पाणी जातं त्यात क्षाराचा कणही चालत नाही. ते पाणी इतकं शुद्ध असतं की माणसाने पिऊ नये. त्या पाण्याचे नमुने घ्यायचे, मोजायचे, आकडे फोनवरून कळवायचे, हेच त्यांचं आयुष्य. क्वार्टरच्या अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेचा पातळ थर बसायचा, तो झटकत सिंधू म्हणायची, "तुमचं पाणी चांगलं, हवेचं काय?" निवृत्तीनंतर वैशाली नगरात घर बांधलं, मुलगा धम्मदीप सरकारी दवाखान्यात नोकरीला लागून मौद्याला गेला, आणि तीन वर्षांपूर्वी सिंधू किडनीच्या आजाराने गेली. त्यानंतर मोजायला काहीच उरलं नव्हतं. मागच्या फेब्रुवारीत ते सहज सौरवच्या दुकानात शिरले आणि त्यांना ती आठ पिल्लं दिसली, जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी, आईबापाच्या अंगावरचा चिकट थर खाऊन वाढलेली, नुकती वेगळी काढलेली. "हे घेऊ नका काका," सौरव म्हणाला होता, "नागपुरात ही पिल्लं जगतात, पण मोठी होत नाहीत. आपलं पाणी नाही मानवत त्यांले." पाण्याचं नाव काढलं म्हणून त्यांनी आठही घेतली.

मग सगळं पुन्हा सुरू झालं. कमी क्षारांचं मऊ पाणी, एक दिवस ड्रममध्ये मुरवलेलं. तीस डिग्री, एक डिग्रीही इकडेतिकडे नाही. रोज सकाळी नळीने टाकीतलं अर्धं पाणी काढायचं आणि तितकंच नवं भरायचं. मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं दिल आणायचं, त्याची चरबी आणि पापुद्रे सोलायचे, पालक आणि झिंग्यांबरोबर वाटून त्याच्या पातळ वड्या गोठवायच्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते दर रविवारी माशांची लांबी लिहीत. अडीच इंच, सव्वातीन, चार. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या लक्षात आलं होतं की एक मासा खायला पुढे येत नाही. वडी पाण्यात सोडली की सात जण झेपावत आणि हा काचेला चिकटून थांबे. सगळ्यांचं झाल्यावर खाली पडलेलं टिपून खाई. तेव्हाच वेगळा काढायला हवा होता. त्यांना ते माहीत होतं. तरी त्यांनी स्वतःला सांगितलं की वाढेल, काही काही उशिरा वाढतात. हे वाक्य मनात उमटलं तेव्हा ते त्यांना ओळखीचं वाटलं होतं आणि त्यांनी ते पुढे ऐकलं नव्हतं. आता स्कूटरवर बसल्या बसल्या त्यांना ते स्वतःच्याच आवाजात, पंचवीस वर्षांपूर्वीच्या तरण्या आवाजात, ऐकू आलं. आमच्यात सगळे उशिरा वाढतात.

घरी आल्यावर त्यांनी लहान टाकी धुतली, पाणी भरलं, आणि त्या माशाला जाळीने अलगद उचलून वेगळं ठेवलं. तो तळाशी आडवा पडून राहिला, मग हळूहळू सरळ झाला. ते हात पुसत होते तेव्हा धम्मदीपचा फोन आला. तो सहसा दुपारी फोन करत नसे. "बाबा, शुक्रवारी आमी नागपूरले येऊन राहिलो. शनिवारी दीप्तीले दाखवायचं आहे." नातीचं नाव ऐकून भैय्याजींनी विचारलं, "काय झालं तिले?" पलीकडे दवाखान्यातला गलका होता. "काही नाही झालं. उंची," धम्मदीप म्हणाला. "नंदिनी म्हणे, पाच वर्षाची झाली, साडेतीनचे कपडे येतात अजून. तुमी पण चला सोबत. डॉक्टर घरातलं मागचं विचारन. मले काय आठवते?" "हो," भैय्याजी म्हणाले. "चलतो." फोन ठेवल्यावर ते मोठ्या टाकीपाशी गेले. हात पाण्यात घालून त्यांनी हीटर सरळ केला. सरळच होता.

धम्मदीप शाळेत प्रार्थनेच्या रांगेत नेहमी पहिला असे. रांग उंचीने लावत. पहिलीत पहिला, चौथीत पहिला, दहावीतही पहिला. कॉलनीतल्या बायका त्याला उचलून घेत, तो आठ वर्षांचा झाला तरी. सिंधूने आग्रह धरला म्हणून तो नऊ वर्षांचा असताना दोघं त्याला धंतोलीत एका मोठ्या मुलांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. कोराडीच्या बसने, धुतलेले कपडे घालून. भैय्याजींनी बूट घातले होते. डॉक्टरने पोराला वजनकाट्यावर उभं केलं, भिंतीच्या पट्टीला लावलं, आकडे लिहिले, आणि कागदावरून मान वर न करता विचारलं, "घरी खायला-प्यायला नीट मिळतं ना याला?" बस, एवढंच. पण भैय्याजींच्या कानात ते एवढंच उरलं नाही. कागदावर वर त्यांचं आडनाव लिहिलेलं होतं. त्यांना लहानपणची इंदोऱ्याची वस्ती आठवली. मिलमधून येणारे वडील आठवले, ज्यांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर, वीस वर्षांचे असताना, खांद्याला खांदा लागलेल्या गर्दीत उभं राहून बावीस प्रतिज्ञा म्हटल्या होत्या आणि घरी येऊन देव पाण्यात सोडले होते. शाळेतले एक मास्तर आठवले, जे डबा उघडायला लावून, काय आणलं रे, विचारत आणि हसत. भैय्याजी बीएस्सी होते. त्यांच्या घरात दूध होतं, अंडी होती, रविवारी मटण होतं. त्यांनी पोराचा हात धरला आणि चालू पडले. सिंधू मागून पर्स सावरत आली. रस्त्यावर ती म्हणाली, "ते सगळ्यांलेच विचारत असतीन." ते म्हणाले, "तुले काय समजते?"

पंधरा दिवसांनी क्वार्टरच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. डॉक्टरच्या स्वतःच्या अक्षरात दोन ओळी होत्या: मुलाच्या तपासण्या करणे जरूर आहे, घेऊन यावे, उशीर करू नये. भैय्याजींनी ते दोनदा वाचलं आणि त्यांना त्यातही हुकूमच ऐकू आला. त्यांनी ते फाडलं. सिंधूने पाहिलं. ती एकदा म्हणाली, जाऊ. महिन्याने पुन्हा म्हणाली. दुसऱ्या वेळी ते ताटावरून उठले. नंतर तिने विषय काढला नाही, आणि वर्षं गेली, जशी कामाच्या माणसाची जातात, पाळीमागून पाळी. राग कधी संपला हे त्यांना आठवत नव्हतं. राग संपल्यावर जायला हरकत नव्हती. पण तोपर्यंत न जाण्याचीच सवय झाली होती, आणि आता गेलो तर डॉक्टर विचारेल, इतके दिवस कुठे होता. धम्मदीप एकोणीस वर्षांचा झाला तेव्हा फार्मसीच्या कॉलेजातून एकटाच एका डॉक्टरकडे जाऊन आला. हातात एक्स-रेचं मोठं पिवळं पाकीट होतं. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "हाडाची टोकं बंद झाली म्हणतात. लहानपणी इंजेक्शन घेतले असते तर झालं असतं म्हणे. मले दाखवलं नव्हतं का तुमी?" सिंधू ओट्यापाशी पाठमोरी होती. तिचा हात थांबला. भैय्याजी म्हणाले, "तेव्हा कुठं होते गा नागपुरात असे डॉक्टर?" सिंधूचा हात पुन्हा चालू झाला. धम्मदीपने मान हलवली आणि पाकीट पलंगाखाली सरकवून दिलं. ते इतकं सोपं झालं होतं.

एकदा, सिंधू गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात, ते न कळवता मौद्याला गेले होते. सरकारी दवाखान्याच्या औषधांच्या खिडकीपुढे रांग होती. त्यांनी लांबून पाहिलं. धम्मदीप खिडकीत बरोबर उंचीवर दिसत होता, छाती-खांदे सगळं दिसत होतं, एखाद्या म्हातारीला गोळी केव्हा घ्यायची ते सांगत होता. भैय्याजींना क्षणभर विलक्षण बरं वाटलं. मग तो मागच्या कपाटाकडे जाण्यासाठी वळला आणि एकदम खाली उतरला, खिडकीत फक्त केस दिसले. आत लाकडी खोकं होतं. रांगेतल्या कोणालाही त्याचं काही वाटलं नाही. भैय्याजी त्याला न भेटता परतीच्या बसमध्ये बसले.

शुक्रवारी संध्याकाळी तिघं आली. धम्मदीपची बायको नंदिनी मौद्याच्या त्याच दवाखान्यात नर्स होती, कळमेश्वरची, नवऱ्यापेक्षा वीतभर उंच. लग्नाच्या वेळी लोक काय काय बोलले ते तिने कधी मनावर घेतलं नाही. दीप्ती धावत आली, "जयभीम आबा" म्हणाली आणि सरळ टाकीकडे गेली. तिला मोठ्या टाकीतल्या सात माशांचं नवल नव्हतं. ती लहान टाकीपुढे बसली. "हा काहून एकटा आहे?" "त्याले खायला मिळत नव्हतं," भैय्याजी म्हणाले. "आता मिळते?" "हो, आता मिळते." धम्मदीप मागे येऊन उभा राहिला होता. त्याचा चेहरा भैय्याजींच्या छातीच्या फार वर नव्हता. "वेगळा काढला तर वाढन का बाबा?" त्याने विचारलं, साध्या कुतूहलाने. भैय्याजींनी वडीचा तुकडा मोडून दीप्तीच्या हातात दिला. मग म्हणाले, "नाही. उशीर झाला." धम्मदीप म्हणाला, "जगन ना पण?" आणि त्याने वाकून काचेवर बोट टेकवलं.

शनिवारी सकाळी रामदासपेठेत, तिसऱ्या मजल्यावरच्या दवाखान्यात, डॉक्टरबाई साठीच्या होत्या, चष्मा साखळीला लावलेला. त्यांनी दीप्तीला पट्टीला उभं केलं, टाचा टेकवल्या, हनुवटी सरळ केली आणि तीनदा मोजलं. मग लिहिता लिहिता, मान वर न करता, नंदिनीला विचारलं, "घरी खाणं-पिणं नीट आहे ना हिचं?" भैय्याजी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी नंदिनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नंदिनी हसली. "खाते हो मॅडम, पण एका पोळीले दोन घंटे लावते." डॉक्टरबाईही हसल्या आणि त्यांनी काहीतरी लिहिलं. प्रश्न गेला. खोलीत कुठेही तो राहिला नाही. पुढचा प्रश्न आला, झोप किती, त्याच्या पुढचा, जन्मतः वजन किती. भैय्याजींना आठवायचं होतं की धंतोलीतल्या त्या डॉक्टरचा आवाज याच्याहून वेगळा होता. तो कडवट होता, वरून खाली येणारा होता. ते जोर लावून आठवत होते, आणि त्यांना फक्त टेबलावरचा काचेचा पेपरवेट आठवत होता. आवाज आठवतच नव्हता.

"आणि वडिलांचं?" डॉक्टरबाईंनी धम्मदीपकडे पाहिलं, नीट पाहिलं. "तुमच्या लहानपणी काही तपासण्या झाल्या होत्या?" धम्मदीप म्हणाला, "नाही मॅडम. तेव्हा नागपुरात असे डॉक्टर नव्हते." बाईंनी पेन खाली ठेवलं. "कोण म्हणालं? धंतोलीत आमचे सर होते. मी त्यांच्याच हाताखाली शिकले. सत्याण्णवपासून मुलांच्या वाढीचंच बघत होते ते. स्वभावाने जरा फटकळ, पण जे पेशंट परत येत नसत त्यांना स्वतः कार्डं लिहून टाकायचे. आम्हीच टपालात टाकून यायचो." मग त्यांना खोलीतलं काही जाणवलं असावं, कारण त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "असो. हिला आपण वेळेत आणलंय. पाच वर्षं म्हणजे भरपूर वेळ आहे." धम्मदीपने वळून वडिलांकडे पाहिलं. रागाने नाही. काहीतरी विसरल्यावर माणूस ज्याला ठाऊक असेल त्याच्याकडे बघतो, तसं. भैय्याजींनी समोरच्या भिंतीवरची, जिराफाचं चित्र असलेली, मोजपट्टी वाचायला सुरुवात केली. साठ, सत्तर, ऐंशी.

दीप्तीचं रक्त घेतलं, मनगटाचा एक्स-रे काढला. ऑटोत ती आईच्या मांडीवर रडून रडून झोपली. घरी आल्यावर नंदिनी तिला घेऊन आतल्या खोलीत आडवी झाली. माशांचं पाणी बदलायचं राहिलं होतं. भैय्याजींनी नळी टाकीत सोडली, दुसरं टोक बादलीत. धम्मदीप आला आणि बादली धरून खाली बसला. पाणी पडू लागलं. पहिली बादली भरली, त्याने ती मोरीत ओतली, परत येऊन बसला. दुसरी अर्धी झाली तेव्हा भैय्याजी म्हणाले, "तुले नेलं होतं." धम्मदीप बादलीकडेच बघत होता. "नऊ वर्षाचा होता तू. धंतोलीत. त्याच डॉक्टरकडे." "मग?" "मग मी तुले उठवून घेऊन आलो." पाणी बादलीच्या काठाशी आलं. धम्मदीपने नळी दुमडून धरली. "काहून?" भैय्याजींनी सांगितलं. प्रश्न सांगितला, जसाच्या तसा. कार्डाचं सांगितलं. सांगताना त्यांना वाटत होतं की इंदोरा, वडील, मास्तर, डबा हे सगळं सांगितल्याशिवाय ते कळणार नाही, आणि सांगितलं तर ती सबब होईल. म्हणून त्यांनी सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "मले राग आला."

"बस्स, एवढंच विचारलं होतं?"

"एवढंच."

धम्मदीपने नळी तशीच दाबून धरली होती. टाकीतले सात मासे उथळ झालेल्या पाण्यात खाली खाली येऊन गोळा झाले होते. "मी रोज विचारतो हे," तो म्हणाला. "खिडकीतून. लेकरू घेऊन बाई आली का, खाते का नाही वं हा, असंच विचारतो. कोणाले राग नाही येत." मग, "आन् येत असन तर मले काय माहीत? मले कोण सांगते?" भैय्याजींना वाटलं की त्याला कळलं आहे, न सांगितलेलंही. त्यांनी हात पुढे केला, खांद्यावर ठेवायला की नळी घ्यायला, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. धम्मदीप उठला. "आईले माहीत होतं?"

नाही म्हणता आलं असतं. तीन वर्षांपूर्वी गेलेली बाई, खरं-खोटं सांगायला तीही नाही. नाही म्हटलं असतं तर त्याच्याजवळ निदान आई उरली असती. भैय्याजींनी तोंड उघडलं आणि त्यांना पिवळं पाकीट दिसलं, पाठमोरी सिंधू दिसली, आणि ते किती सोपं असतं हे आठवलं. "हो," ते म्हणाले. "दोनदा म्हणाली होती ती, परत जाऊ म्हणून. मीच नाही म्हटलं." "नंतर?" "नंतर नाही बोलली." धम्मदीपने मान हलवली, हळूहळू, एखादं औषध संपलं आहे असं ऐकून घेतल्यासारखी. म्हणाला, "एकोणीस वर्षाचा होतो तेव्हा सांगितलं असतं तर मी भांडलो असतो तुमच्याशी. घर सोडून गेलो असतो. परत आलो असतो. आता काय करू? लेकीले घेऊन भांडू?" त्याने नळी सोडून दिली. पाणी फरशीवर पसरलं, त्याच्या पावलांपर्यंत गेलं, आणि तो ते पुसायला थांबला नाही.

रविवारपर्यंत राहायचं ठरलं होतं. ते त्याच दुपारच्या बसने निघाले. नंदिनीला काही कळलं नव्हतं. ती पुन्हा पुन्हा नवऱ्याकडे आणि सासऱ्याकडे बघत बॅग भरत होती. गेटपाशी दीप्ती झोपेतच "जयभीम आबा" म्हणाली. धम्मदीपने तिचं डोकं खांद्यावर नीट केलं आणि ऑटोत चढला. तो कुठूनही निघताना जयभीम म्हणायचा. अगदी लहान होता तेव्हापासून, कोणी न शिकवता. ऑटो वळेपर्यंत भैय्याजी गेट धरून थांबले होते.

नंतरचे दोन दिवस त्यांनी पाणी बदललं नाही. कंटाळा नव्हता, आजारही नव्हता. ते खुर्चीवर बसून टाकीकडे बघत राहत आणि वेळ निघून जाई. तिसऱ्या दिवशी मोठे मासेही काळवंडले, माना खाली करून कोपऱ्यात उभे राहिले. तेव्हा ते उठले, ड्रम भरला, नळी घेतली. मासे दोन दिवसांत पुन्हा उजळले. वाढ झालेल्या माशांना दोन दिवस चालतात. सौरवचा फोन आला, कोणी गिऱ्हाईक जोडी मागत होतं. तुमच्यासारखे मोठे नागपुरात कोणाकडे झाले नाहीत काका, म्हणाला. आणि त्या आठव्याचं काय केलं? "आहे," भैय्याजी म्हणाले. सकाळी आंघोळ करताना, दाढी करताना, त्यांना तो वजनकाट्यावरचा नऊ वर्षांचा पोरगा दिसे, उघड्या अंगाने, फासळ्या मोजता येणारा, डॉक्टरकडे नाही तर बापाकडे बघणारा. हे तेव्हा त्यांनी पाहिलं होतं का? की आता मन ते तयार करत होतं? सिंधू असती तर तिला विचारता आलं असतं.

नंदिनीचा फोन आला की ती रिपोर्टचं सांगे. हार्मोन कमी आहे, इंजेक्शनं सुरू करायची आहेत, रोज एक, पोटावर, तीच देणार आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, चांगली वाढेल. "आन् धम्मदीप?" ते विचारत. "ठीक आहेत बाबा. काही बोलत नाहीत." तिने एकदा हळूच विचारलं, काय झालं होतं. त्यांनी सांगितलं की ते त्यानेच सांगावं, सांगायचं असलं तर.

फेब्रुवारीच्या शेवटी, एका सकाळी, धम्मदीपचाच फोन आला. आवाज कामाचा होता, खिडकीतून येणारा. "बाबा, तुमची उंची किती आहे? सेंटीमीटरमध्ये." "एकशे सत्तर." "आन् आईची?" भैय्याजींना क्षणाचाही विचार करावा लागला नाही. "एकशे पंचावन्न." पलीकडे कागदाचा आवाज झाला. "डॉक्टरमॅडमनं काल एक हिशोब दाखवला," तो म्हणाला. "आईबापाची उंची टाकायची, पोरगी असली तर तेरा वजा करायचे, पोरगा असला तर तेरा मिळवायचे, आन् अर्धं करायचं. लेकरू साधारण तेवढं होते. दीप्तीचं काढलं मी. पण मॅडम म्हणे, तुमची उंची तुमची खरी नाही, त्यामुळे हिचं आहे त्याच्यापेक्षा जास्तच धरा." तो थांबला. आकड्यांच्या माणसाला, भैय्याजींना, आकडा आधीच दिसला होता, तीनशे अडतीसचे अर्धे. पण तो त्याने म्हणावा, म्हणून ते गप्प राहिले.

"एकशे एकोणसत्तर," धम्मदीप म्हणाला. "माझी."

"हो," भैय्याजी म्हणाले.

"तुमच्यापेक्षा एकानं कमी."

"हो."

तो आणखी काही बोलेल म्हणून त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे कोणीतरी गोळ्यांचं नाव विचारत होतं, धम्मदीप ते सांगत होता, दोन वेळा, जेवणानंतर. मग पुन्हा त्याचा श्वास ऐकू आला. त्याने फोन ठेवला नव्हता. भैय्याजी उभे होते. त्यांच्यासमोर, त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत, हवेत त्याच्या चेहऱ्याची एक जागा होती, तिथे कोणी नव्हतं, आणि ते तिच्याकडे बघत राहिले.